टीममधून नाव गेल्यावर पंधरा वर्षांचा मुलगा खचलाय, आधी काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा पंधरा वर्षांचा. अकराव्या वर्षापासून शाळेच्या फुटबॉल टीममध्ये, बचावफळीत भक्कम, मधली दोन वर्षं तर त्याच्याशिवाय टीम उतरायचीच नाही. यंदाच्या यादीत मात्र त्याचं नाव नाही. त्याला तीन आठवडे झाले. शाळेतून आला की खोलीचं दार लावून घेतो, रात्री उशिरापर्यंत मोबाइल, सकाळी उठता उठत नाही. दोनदा पोटदुखी सांगून शाळा बुडवली. काही बोलायला गेलं की अंगावर येतो. तुम्ही विचारताय: सरांना जाऊन भेटू का, बाहेरच्या क्लबात घालू का, की सरळ ‘सोड तो खेळ आणि अभ्यासाला लाग’ म्हणू? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की धाकट्या बहिणीचं तिच्या टीममध्ये सिलेक्शन झालंय, पण घरात त्याचा आनंद करायचीही चोरी झाली आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तो टीममध्ये परत कसा जाईल, हा एक. तो आत्ता सावरेल कसा, हा दुसरा. तुमचे तिन्ही पर्याय पहिल्या प्रश्नाचे आहेत आणि त्याला आज हात घालायचं काही कारण नाही. मी आधी शाळेत खेळ शिकवायचे, याद्या लावायचे. आता बरीच वर्षं या वयाच्या मुलांचं समुपदेशन करते. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की यादीतून गेलेल्या मुलाला नुसता खेळ गेल्याचं दुःख कसंबसं पेलतं. खेळाबरोबर बाकीचं जे निघून जातं, त्याने तो कोलमडतो. ते बाकीचं पुन्हा उभं करता येतं, टीममधली जागा मिळो न मिळो.

पण त्याही आधी एक गोष्ट तपासून घ्या. तीन आठवडे झालेत म्हणून सांगते. डॉक्टर नैराश्याचं निदान करताना किमान दोन आठवड्यांचा काळ बघतात: दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास आहे का, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतूनही मन उडालंय का. या वयात उदासी रडव्या चेहऱ्यानेच येते असं नाही, पुष्कळदा ती चिडचिड होऊन येते, आणि मुलांच्या बाबतीत निदानाच्या निकषांतही ते धरलेलं आहे. तेव्हा ‘अंगावर येतो’ हा उर्मटपणा आहे असं इतक्यात ठरवू नका. बघा की फुटबॉलचा विषय सोडला तर तो कशात रमतो का. मित्राचा फोन आला की आवाज बदलतो, एखादा विनोद पाहून हसतो, बहिणीशी भांडण्यापुरता का होईना खोलीबाहेर येतो, असं असेल तर हे दुःख आहे आणि ते ओसरायच्या वाटेवर आहे. कशातच काही उरलं नसेल, झोप आणि भूक बिघडलेलीच राहिली असेल, शाळा बुडणं वाढत असेल, तर या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांनाही सांगा.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही तो बोलला किंवा स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसल्या, तर आठवड्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तोवर त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. शंका असेल तर त्याला सरळ विचारा: ‘तुला जगूच नये असं वाटतं का?’ विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात, हे मी पाहत आलेय.

तसं काही नाही असं धरून पुढे जाते.

त्याचं काय काय गेलं ते आधी त्याच्या बाजूने मोजा. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास गेले. ते दोन तास ज्यांच्याबरोबर जायचे ती मुलं अजून तिथेच आहेत, फक्त हा नाही. वर्गात ‘तो टीममधला’ ही ओळख होती, ती गेली. ज्या सरांच्या एका शब्दावर आठवडाभर खूश असायचा, त्यांनीच नाव काढलं. आणि शरीराचंही गणित बिघडलं. चार वर्षं रोज घाम गाळणारं शरीर एकदम बसलं की झोप लांबते, सुस्ती येते, मन आणखी खाली जातं. घरच्यांना दिसतं ते फक्त रात्रीचं जागरण आणि मोबाइल.

खेळाडू म्हणून असलेली ओळख माणसाच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेत किती खोल रुतलेली असते, हे मोजायची एक प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ ब्रिटन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. त्यानंतरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं की ही ओळख जितकी घट्ट, तितका माणूस सरावाला पक्का. आणि खेळ सुटायची वेळ आली की त्रासही तितकाच मोठा. म्हणजे तुमचा मुलगा कच्चा आहे म्हणून त्याला इतकं लागलं, असं नाही. तो चार वर्षं मनापासून खेळला, त्याची ही किंमत आहे. हे वाक्य तुम्ही त्याच्यासमोर म्हणू नका, उपदेश वाटेल. पण तुमच्या डोक्यात ते असेल तर तुमचा सूर आपोआप बदलेल.

‘एवढं काय त्यात’ हेही मनातून काढा. २००३ मध्ये एका प्रयोगात लोकांना मेंदूची तपासणी चालू असताना पडद्यावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ खेळायला लावला आणि मधेच बाकीच्यांनी त्यांच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. समोरचे अनोळखी, खेळ काही मिनिटांचा, तरी शारीरिक वेदनेचा त्रास होताना मेंदूच्या ज्या भागात हालचाल दिसते त्याच भागात ती दिसली. त्या निष्कर्षाचा नेमका अर्थ काय यावर पुढे बराच वाद झाला, पण बाहेर ठेवलं जाणं लागतं, याबद्दल वाद नाही.

आता बोलायचं काय. कमी बोला. ‘तुझं नाव आलं नाही याचं मलाही वाईट वाटलं. बोलावंसं वाटलं तर मी आहे,’ एवढं एकदा म्हणा आणि खरंच गप्प राहा. समोरासमोर बसवून ‘चल, बोलूया’ करू नका. या वयातली मुलं नजरेला नजर असताना आखडतात. शेजारी शेजारी चालताना, गाडीत, एखादं काम बरोबर करताना ती आपणहून एखादं वाक्य सोडतात. ते वाक्य आलं की दुरुस्त करायला धावू नका. तो म्हणाला ‘मी फालतू खेळतो’, तर ‘छे, तू तर उत्तम खेळतोस’ हे उत्तर त्याला तोडून टाकतं, कारण यादी त्याच्या बाजूने पुरावा देतेय. ‘असं कशावरून वाटतं तुला?’ विचारा. मग कळतं की त्याला एखादा ठरावीक सामना छळतोय, एखादी चूक, कुणाचातरी शेरा.

आणि कृपा करून मायकेल जॉर्डनची गोष्ट सांगू नका. ‘त्यालाही शाळेच्या टीममधून काढलं होतं’ हे मुलांनी इतकं ऐकलेलं असतं की ती मनातल्या मनात डोळे फिरवतात. शिवाय ती गोष्ट अर्धवटच सांगितली जाते. १९७८ मध्ये जॉर्डनला शाळेच्या मुख्य बास्केटबॉल टीममध्ये जागा मिळाली नाही हे खरं, पण त्याला हाकललं नव्हतं. शाळेच्या कनिष्ठ टीममध्ये घेतलं होतं आणि तिथे तो वर्षभर भरपूर खेळला. पुढे त्याची उंचीही चांगलीच वाढली. त्याच्या हट्टाचं कौतुक सगळे करतात. त्याला त्या वर्षी खेळायला मैदान, प्रशिक्षक आणि सोबती होते हा कामाचा भाग मात्र कुणी सांगत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट तुमच्याबद्दल. प्रत्येक सामन्याला तुम्ही जात होतात, सुट्टीच्या दिवशी गाडी काढत होतात, इतर मुलांच्या आईबाबांशी तुमची मैत्री झाली, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमचंही काहीतरी गेलंय. तुम्हालाही राग आहे, अन्याय झाला असं वाटतंय. त्यात गैर काही नाही. पण ते दुःख त्याच्या खोलीत नेऊ नका. पत्नीशी बोला, मित्राशी बोला. मुलांना बापाचा चेहरा फार लवकर वाचता येतो. स्वतःच्या दुःखावर बाबांना निराश केल्याचं ओझं चढलं की मूल दार लावून घेतं. शक्य झालं तर खेळाशी काही संबंध नसलेली एखादी गोष्ट दोघांनी मिळून सुरू करा. आपण उरलोय, फक्त सामने गेलेत, हे त्याला सांगून पटणार नाही, दिसावं लागेल.

मग रोजचा दिवस. यातलं झोपेचं आणि हालचालीचं थोडक्यात सांगते कारण ते सरळ आहे. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. दिवसाला सरासरी तासभर चांगली हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. रात्री सगळ्यांचेच मोबाइल, तुमचेसुद्धा, एका ठिकाणी ठेवायचे. सकाळी उठायची वेळ सुट्टीतही फार हलू द्यायची नाही. धावणं, सायकल, पोहणं, जे त्याला चालेल ते. पण ‘फिटनेस टिकव, पुढच्या वर्षी लागेल’ असं म्हणायचं नाही. नुसतं चल म्हणायचं. रिकामे झालेले दोन तास लगेच क्लासने भरू नका. काही दिवस ते रिकामे राहिले तर बिघडत नाही, अट एवढीच की ते बंद खोलीत जाऊ नयेत.

जास्त वेळ शाळेवर घालवा. पोटदुखी बहुधा खोटी नाही. ताणाने पोट खरंच दुखतं. पण घरी राहिल्याने जो आराम मिळतो तो दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड करतो, म्हणून शाळा सुटू द्यायची नाही. डॉक्टरांनी दुखण्याचं दुसरं काही कारण नाही असं सांगितलं की उशिरा का होईना पाठवायचं. आणि शाळेत त्याला नेमकं कुठे अडतं ते शोधायचं. मुलांना विचारलं की जागा अगदी नेमक्या निघतात: बूट बदलायची खोली, मैदानाकडे उघडणारी खिडकी, सामन्याच्या दिवशी टीमचे टी-शर्ट घालून येणारे मित्र, खेळाचा तास. सगळ्यात वाईट म्हणजे टीमचा मोबाइलवरचा ग्रुप. कुणीतरी त्याला न बोलता ग्रुपमधून काढतं, किंवा काढायचं विसरतं आणि रोज सरावाच्या वेळा त्याच्या फोनवर येत राहतात. दोन्ही छळच. त्याला विचारा, ग्रुपमध्ये राहायचंय, गप्प करून ठेवायचाय की आपणहून बाहेर पडायचंय. ठरवलं त्याने, एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरी गोष्ट, तयार उत्तर. ‘काय रे, तू नाहीस का यंदा?’ या एका प्रश्नाच्या धास्तीने मुलं मधली सुट्टी संडासात काढतात. म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलांबरोबर मी एक वाक्य बसवते आणि ते मोठ्याने म्हणायला लावते. ‘नाही, यंदा नाव नाही आलं. तुमची मॅच कधी आहे?’ पहिला भाग खरं सांगतो, दुसरा चेंडू परत करतो. मुलं आधी लाजतात, हसतात, मग दोन-तीनदा म्हणून बघतात. वाक्य त्याचं त्यालाच करू द्या, तुमच्या भाषेतलं नको. टीममधल्या एखाद्या जवळच्या मित्राशी फुटबॉल वगळून भेटायची सोय करता आली तर फारच उत्तम. ते मित्रही अवघडलेले असतात. याला काय बोलावं ते त्यांना कळत नाही, म्हणून टाळतात, आणि याला वाटतं आपल्याला टाकलं.

आता सरांना भेटायचं का. भेटा, पण ‘का काढलंत’ म्हणून नाही, आणि मुलाला न सांगता तर मुळीच नाही. पंधराव्या वर्षी त्याने स्वतः जावं हे सर्वात चांगलं. धीर होत नसेल तर तुम्ही बरोबर जा, बोलू त्याला द्या. याद्या लावणाऱ्या माणसाकडे ठरलेल्या जागा असतात, त्यातल्या दोन-तीनच खऱ्या वादाच्या असतात, आणि आईबाप भांडायला आले की तो शब्द जपून वापरतो आणि कामाचं काहीच सांगत नाही. तेव्हा विचारायचं ते पुढचं. मी कशात कमी पडलो ते नेमकं सांगाल का? दुसऱ्या टीममध्ये किंवा राखीव म्हणून सरावाला येता येईल का? पुन्हा निवड कधी आणि कशाच्या आधारावर होते? बस्स. मात्र शिवीगाळ, मारहाण, जात-धर्म किंवा शरीरावरून हिणवणं असं काही घडलं असेल तर ती निवडीची गोष्ट राहत नाही. तिथे तुम्ही थेट मुख्याध्यापकांकडे जायचं.

कारणावर बरंच अवलंबून आहे. शिस्तीमुळे नाव गेलं असेल तर बोलणं वेगळं, दुखापतीमुळे असेल तर वेगळं. पण तुमच्या वर्णनावरून मला तिसराच संशय येतो. अकराव्या वर्षी तो वर्गात सगळ्यात उंच होता असं तुम्ही लिहिलंय. मुलांची उंची सर्वात झपाट्याने वाढायचं वय सरासरी चौदाच्या आसपास असतं, पण कुणाचं ते बाराव्या वर्षी येतं, कुणाचं सोळाव्या. लवकर वाढणारी मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी बचावफळीत भिंतीसारखी उभी राहतात आणि प्रशिक्षक साहजिकच त्यांना घेतात. पंधराव्या वर्षी बाकीचे गाठतात. जन्ममहिन्याचीही अशीच गंमत आहे: कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंचा अभ्यास करून रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार जास्त होते, कारण वयोगट १ जानेवारीपासून मोजला जायचा. काही महिन्यांनी मोठं असणं लहान वयात हुशारीसारखं दिसतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत हे लागू असेल तर त्याला ते सांगण्यासारखं आहे, कारण तो आत्ता ‘मी बिघडलो’ असं समजून बसलाय. तो बिघडला नाही, बाकीचे वाढले. तेव्हा ताकदीवर निभावून गेलेलं आता पायातल्या कौशल्यावर आणि जागा धरण्यावर कमवावं लागेल, आणि ते शिकता येतं. शिकून जागा मिळेलच असं मात्र मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका.

क्लबचं नंतर. निदान महिनाभर ना ‘सोडलं’ असा निर्णय घेऊ द्या, ना ‘दाखवून देतो’ असा. दुसरा जास्त धोक्याचा, कारण तो घरच्यांना आवडतो. सूड म्हणून सराव करणारी मुलं दुखणं लपवतात. हाडं वाढत असतात त्या वयात गुडघ्याखाली, टाचेत होणारं दुखणं दुर्लक्षून दुप्पट सराव केला की ते लांबत जातं. काही मुलं लपून जेवण कमी करतात, काही कुणाच्यातरी सांगण्यावरून पावडरी सुरू करतात. यातलं काही दिसलं तर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

महिन्याने, झोप आणि शाळा रुळावर आल्यावर, त्याला विचारा की खेळातलं त्याला नेमकं काय आठवतं. ‘मुलं आठवतात’ म्हणाला तर कमी चुरशीच्या क्लबातही तो सुखी होईल. ‘जिंकणं’ म्हणाला तर कौशल्यावर काम करून पुढच्या निवडीला उभं राहणं त्याच्या स्वभावाला धरून आहे. ‘धावणं’ म्हणाला तर कदाचित दुसराच खेळ. काही मुलांना पंच व्हायचा अभ्यासक्रम आवडतो, काही धाकट्या टीमला शिकवायला लागतात. पण टीमबरोबर सामान उचलायला किंवा गुण लिहायला त्याला पाठवायची सूचना तुमच्याकडून येऊ देऊ नका; ते त्याने मागितलं तरच. आणि त्याला खरोखरच फुटबॉल नको असेल तर तेही उत्तर आहे. अभ्यासाला लागण्याची शिक्षा म्हणून नको, एवढंच.

राहिली बहीण. तिचं सिलेक्शन साजरं करा, नेहमी जसं केलं असतं तसंच. त्याच्यासाठी लपवलंत तर तिला वाटेल आपल्या आनंदाची घरात अडचण होते, आणि त्याला वाटेल आपली इतकी कीव करतात की समोर हसायचीही भीती वाटते. फक्त त्याला आदल्या दिवशी एकट्याला सांगा: ‘उद्या आपण तिचं करतोय. तुला जड जाईल हे मला माहीत आहे. दहा मिनिटं बसलास तरी चालेल, मग उठून गेलास तर कुणी काही म्हणणार नाही.’ आणि खरंच कुणी काही म्हणणार नाही याची व्यवस्था करा. आजी-आजोबा, काका-मावशी येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी दोघांची तुलना नको, त्याला धीर देणंही नको. तिलाही एकदा बाजूला घेऊन सांगा की दादा गप्प राहिला तर त्याचा तिच्यावर राग नाही.